दहापैकी आठ

खालचा मळा, वडूज रोड
२ जुलै २०२४

क्रांती,

फोन लावला की पलीकडची बाई सांगते, ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. तीन वर्षं माझी लेक एकाच कॉलवर कशी काय व्यस्त, याचं मला मोठं नवल वाटायचं. शेवटी तुझी बयाआत्या म्हणाली, "आरं खुळ्या, तिनं तुझा नंबर बंद केलाय." अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, सुभेदार होऊन घरी आलो, पण मोबाइलमधलं हे शस्त्र मला ठाऊक नव्हतं. म्हणून पत्र. तू घर बदललंस, तरी पत्ता मिळाला. कुणी दिला ते आत्ता सांगत नाही, नाहीतर त्या माणसाशीही बोलणं सोडशील.

घाबरू नकोस, माझं काही मागणं नाही. एक बातमी आहे आणि ती सांगायला घरात माणूस नाही. बयाआक्काला सांगितली तर ती "व्हय का" म्हणते आणि भाकरी उलटते.

बातमी अशी, की सहासष्टाव्या वर्षी मी शाळेत जायला लागलो. आपल्या मळ्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षक होते. एकाची बदली झाली, त्या जागेवर कुणी आलं नाही. राजमती चौगुले मॅडम एकट्या चार वर्ग सांभाळतात. त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही फौजेत क्लार्क होता, तुमचं इंग्रजी पक्कं. तिसरी-चौथीच्या पोरांकडून रोज तासभर इंग्रजी लिहून घ्याल का? व्याकरण, विरामचिन्हं, एवढंच बघा." मी आधी थोडे आढेवेढे घेतले. मान राखायला घ्यावे लागतात. मग दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पावणेअकरालाच हजर झालो.

पहिल्या दिवशी पोरांनी जे लिहिलं ते पाहून मला घाम फुटला. माय नेम इज अमुक आय लिव्ह इन खालचा मळा माय फादर इज फार्मर आय लाइक मँगो, सगळं एका दमात, कुठे थांबणं नाही, कुठे श्वास नाही. कॅपिटल अक्षर वाक्याच्या पोटात आणि सुरुवातीला बारकं. मी सवयीनं आवाज चढवला. शिवांजली नावाची चौथीतली पोर रडायला लागली आणि तिच्यामागं सगळा वर्ग. मॅडम दारात येऊन नुसत्या बघत राहिल्या. त्या बघण्यानं मी जास्त खजील झालो.

घरी येऊन विचार केला. पोरांना कागदावरचं कळत नाही, पण कवायत कळते. आपल्या भागात प्रत्येक घरातला कुणी ना कुणी फौजेत. पोरं चालायला लागली की सलाम ठोकतात. मग जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहिला आणि सुतळी ओवून पोरांच्या गळ्यात अडकवला. पोरं ओळीनं उभी राहिली की वाक्य तयार. पहिल्या शब्दानं टाचा उंच करून छाती काढायची, ते कॅपिटल. कॉमा असेल तिथल्या पोरानं विश्राम घ्यायचा. शेवटचा जो फुलस्टॉप, त्यानं पाय आपटून ओरडायचं, "थम!" प्रश्नचिन्हानं कमरेत वाकून कानाला हात लावायचा. आणि अवतरणचिन्हं म्हणजे गेटवरचे दोन पहारेकरी. बोलणाऱ्याच्या तोंडचेच शब्द आत सोडायचे, दुसऱ्या कुणाला गेटपास नाही.

आठ दिवसांत पोरं रस्त्यानं जाता-येता थम थम करायला लागली. आता वहीत फुलस्टॉप चुकला की शेजारचाच पाय आपटतो. एकतीस पोरांची शाळा आहे, पण आवाज पलटणीचा येतो. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तुला शिकवताना हे सुचलं नाही. तेव्हा मी लांब होतो आणि हातात लाल पेन होतं. असो.

उत्तर पाठवायची सक्ती नाही.

आण्णा

&nbsp;

खालचा मळा
२० ऑगस्ट २०२४

क्रांती,

मागचं पत्र परत आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. याचा अर्थ ते तुझ्या घरात आहे. चुलीत असलं तरी घरात आहे.

पंधरा ऑगस्टला आमच्या पलटणीनं झेंड्यापुढं वाक्य सादर केलं. गावानं लेझीम पाहिलंय, भाषणं पाहिलीत, पण चालतं इंग्रजी वाक्य कुणी पाहिलं नव्हतं. वाक्य पोरांनीच जुळवलं होतं: ग्रँडमदर सेड, "हू एट द जॅगरी?" पोरं एकेक करून पावलं टाकत आली. ग्रँडमदरनं छाती काढली, कॉमानं विश्राम घेतला, पहारेकरी जागेवर, आणि प्रश्नचिन्ह कमरेत वाकून कानाला हात लावून उभं. मॅडमनी मराठीत सांगितलं, आजी विचारतेय गूळ कुणी खाल्ला. तशी बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आवं सुभेदार, गूळ तुमीच खाल्ला आसंल!"

सरपंच म्हणाले, असलं शिक्षण वडूजच्या इंग्रजी शाळेत पण न्हाई. मी तोंडानं "छे छे" म्हणालो. खरं म्हणजे कॉलर टाइट झाली होती. तुझ्याशी कशाला खोटं बोलू?

कार्यक्रम झाल्यावर चहा घेताना मॅडमना तोंडभर सांगत होतो, माझी पद्धत अशी, माझी पद्धत तशी. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पद्धत चांगलीच आहे, पण तुमच्या क्रांतीची ऐकलीय का?"

आता सांगतो. पत्ता त्यांनीच दिला. त्यांचं माहेर आष्टा, आणि त्यांची भाची कीर्ती तुझ्या क्लासला येते. तू क्लास घेतेस हे मला ठाऊक नव्हतं. माझी लेक बावीस-पंचवीस पोरांना इंग्रजी लिहायला शिकवते, पेठेतल्या दुकानदारांची, ऊसवाल्यांची पोरं तिच्या दारात चपला काढून बसतात, आणि हे बापाला परकी बाई सांगते. त्या क्षणी चहा गोड लागला की कडू, आठवत नाही. आधी अभिमानच वाटला, एवढं मात्र नक्की. मी शेजारच्या दोघांना तिथंच सांगून टाकलं, आमची क्रांती पण याच लायनीत आहे.

पण मग त्यांनी तुझी पद्धत सांगितली आणि माझं डोकं फिरलं. कीर्तीनं वहीत लिहिलं होतं, "माय डॉग इज डाय." आणि तू त्याच्यावर रेघ न मारता खाली लिहिलंस, "व्हॉट वॉज हिज नेम?" अगं, इज डाय! आणि तू कुत्र्याचं नाव विचारतेस? मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी त्या पोरीनं कुत्र्यावर अर्धं पान लिहून आणलं. तू म्हणे आधी पोरानं काय सांगितलंय त्याला उत्तर देतेस आणि चूक नंतर बघतेस. लाल पेन तुझ्या घरात नाहीच.

मला हे पटलेलं नाही. असे लाड केले तर पोरं शिकायची कशी? पण तुझी पोरं परीक्षेत पुढं असतात असंही मॅडम म्हणतात. म्हणून मीही पंधरा दिवस करून बघणार आहे, ते चुकीचं आहे हे सिद्ध करायला.

आण्णा

&nbsp;

खालचा मळा
३० सप्टेंबर २०२४

क्रांती,

हरलो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला शेवटपर्यंत वाचायचा त्रास नको.

पण शेवटपर्यंत वाच.

तुझ्या पद्धतीनं सुरुवात केली. रोज प्रत्येकानं स्वतःच्या मनानं चार ओळी लिहायच्या आणि मी प्रत्येकाच्या खाली उत्तर लिहायचं. मी दात-ओठ खाऊन लिहीत होतो. "आय हॅव टू गोट" याच्या खाली मी विचारलं, दूध किती देतात? कॅपिटल बारकं आहे हे दिसत होतं, हात शिवशिवत होता, पण आधी शेळीची चौकशी केली. पोरगा दुसऱ्या दिवशी दुधाचा हिशेब, करडाचं नाव, लांडगा आला होता त्याची हकिगत, सगळं घेऊन आला, आणि फुलस्टॉप आपणहून टाकून आला. म्हणाला, "आजोबा, तुमाला वाचताना दम लागू नये म्हणून."

शिवांजली तुला आठवत असेल, पहिल्या दिवशी रडलेली. तिचा बाप लेहला असतो, आई बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. घरी ती आणि तिची आजी धोंडुबाई, दोघीच. वीस तारखेला तिची वही माझ्या हातात आली. चार ओळी सलग, एकही टिंब नाही. माय ग्रँडमदर इज नॉट ईटिंग शी इज स्लीपिंग आय मेक टी शी इज नॉट ड्रिंकिंग.

क्रियापदं बरोबर होती. हे मी आधी पाहिलं. खोटं कशाला बोलू, आधी क्रियापदंच पाहिली आणि मनात म्हणालो, शाब्बास. मग फुलस्टॉप कुठे कुठे हवेत ते मोजले. मग आठवलं की खाली उत्तर लिहायचंय. उत्तर लिहायचं तर तिनं काय लिहिलंय ते वाचायला हवं. पुन्हा वाचलं.

मी विचारलं, "कवापासनं गं?"

ती म्हणाली, "परवापासनं. लय तापलीय. मी सांगितलं की इंग्लिशमधी."

मी तसाच उठलो. चपला घालायच्या राहिल्या, ते दवाखान्यात गेल्यावर पाय भाजले तेव्हा कळलं. धोंडुबाई गोधडीत पडलेली, डोळे उघडून बघेना, ओठ कोरडे. सरपंचांची जीप मागवली, वडूजला नेलं. डेंग्यू निघाला. डॉक्टर म्हणाले, आज आणलं म्हणून निभावलं, उद्या-परवा आणलं असतं तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं. सहा दिवसांनी म्हातारी घरी आली आणि आल्या आल्या तिथल्या खिचडीला शिव्या द्यायला लागली. म्हणजे खडखडीत बरी झाली.

गावात माझा उदोउदो चाललाय. मी प्रत्येकाला सांगतो की हे माझ्या क्रांतीचं काम आहे, तिनं आष्ट्यात बसून केलं. लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं म्हातारा लेकीचं कौतुक करतोय. करतोच आहे. तू मला अजून एक शब्दही लिहिलेला नाहीस, पण मला शिकवलंस, आणि एका म्हातारीचा जीव वाचला. एवढा अभिमान मला माझ्या बढतीच्या दिवशीही वाटला नव्हता.

दवाखान्याच्या बाकावर मी दोन तास बसून होतो. मॅडम म्हणाल्या, साहेब, चला, घरी सोडते. मी उठलो नाही. का ते त्यांना सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नाही.

आण्णा

&nbsp;

खालचा मळा
१५ डिसेंबर २०२४

क्रांती,

दिवाळीनंतर मॅडमच्या भाचीकडून निरोप आला. "बाईंनी विचारलंय, त्या आजी बऱ्या आहेत का." एवढंच. मी तो निरोप मॅडमना तीन वेळा सांगायला लावला. धोंडुबाई उत्तम आहे. माझं कोंबडं खाल्लं तिनं सणाला.

म्हणजे तू वाचतेस. तर मग आता जे लिहायचं ते लिहितो. तुला ते सगळं माहीत आहे. पण माझ्या अक्षरात ते तुझ्याकडे असायला हवं.

मी पठाणकोटला असताना तुला नियम घातला होता, की बापाला पत्र इंग्रजीतूनच लिहायचं, मराठी पत्र मी वाचणार नाही. तुला व्याकरणाचं पुस्तक पाठवलं होतं. त्यातल्या पत्रलेखनाच्या धड्यातला एकेक विषय घेऊन तू लिहायचीस. मी लाल पेनानं चुका काढून, दहापैकी गुण देऊन तेच पत्र परत पाठवायचो. माझी पलटणीत वाहवा व्हायची, सातवीतली पोरगी बापाला इंग्रजीत पत्र लिहिते म्हणून. तुझ्या एकाही पत्राला मी उत्तर लिहिलेलं नाही. गुण लिहिले.

त्या धड्यात एक विषय होता, आई आजारी असल्याचं वडिलांना कळवणारं पत्र.

२००१ च्या फेब्रुवारीत तुझं पत्र आलं. आईला कावीळ झाली आहे. डोळे पिवळे झालेत. वडूजचे डॉक्टर मिरजेला न्या म्हणतात. कोंडीबामामा गाडी घेऊन आले होते, पण आजोबा म्हणतात आण्णांना विचारल्याशिवाय सून बाहेर न्यायची नाही. लवकर कळवा.

जेवण करून मी ते ऑफिसात वाचलं. मला वाटलं, तो विषय आला. तीन फुलस्टॉप टाकले, एक स्पेलिंग सुधारलं, खाली दहापैकी आठ लिहिले. शेरा लिहिला, "व्हेरी नॅचरल." त्याच दिवशीच्या टपालात टाकलं. रजा मागितली असती तर मिळाली असती.

तुला ते पत्र मिळालं तेव्हा तुझ्या आईला, शालनला, जाऊन सात दिवस झाले होते. मी तार मिळून आलो होतो आणि ओट्यावर बसलो होतो. पोस्टमननं माझ्या समोर ते तुझ्या हातात दिलं. तू वाचलंस आणि दप्तरात ठेवलंस. मी पाहिलं.

तेराव्याला कोंडीबामामांनी माझी कॉलर धरली. थोरला भाऊ तो, त्याची एकुलती बहीण गेली होती. म्हणाला, "पत्र मिळालं का न्हाई तुला? खरं बोल." मी म्हणालो, न्हाई मिळालं. तो म्हणाला, "मग गेलं कुठं पत्र?" त्याच्या दुसऱ्या हाताची मूठ वळली होती. सगळी भावकी बघत होती. तेव्हा तू दारातून म्हणालीस, "मामा, माझ्या दप्तरात ऱ्हायलं. मी टाकायची इसरले."

तू तेरा वर्षांची होतीस.

मामांनी मला सोडलं. तुझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं त्वांड पुन्यांदा बघणार न्हाई." ज्यांनी तुला खांद्यावर बसवून यात्रा दाखवली, त्यांनी. आणि मी खाली बघत राहिलो. त्या दिवसापासून गावानं तुला आईच्या मरणाचं कारण ठरवलं आणि मी ठरवू दिलं. तुझ्या लग्नात मामांनी नवरीला मांडवात आणायचं, ते आले नाहीत, शेजारच्या माणसानं आणलं. मी अक्षता वाटत होतो. तीन वर्षांपूर्वी फोनवर तुझ्या नवऱ्याशी बोलताना मी उदार होऊन म्हणालो, "चूक झाली पोरीकडनं, पण ल्हान हुती, मी कवाच माफ केलं." त्यानंतर तू माझा नंबर बंद केलास. मला कारण कळलं नाही असं मी बयाआक्काला सांगितलं. मला कळलं होतं.

माफी मागत नाही. पत्रात मागितलेली माफी तुझ्या कपाटात पडून राहील आणि गाव तेच बोलत राहील. सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायत माझा सत्कार करणार आहे, धोंडुबाईला वाचवलं म्हणून. मी हो म्हटलंय. काल कडेगावजवळ मामांच्या मळ्यावर जाऊन त्यांनाही आमंत्रण देऊन आलो. ते म्हणाले, "तुझा सत्कार बघाय मी येऊ व्हय रं?" मी म्हणालो, या. एकदा या.

झेंड्याखाली सगळ्यांसमोर बोलणार आहे. जमेल की नाही सांगता येत नाही. तेवीस वर्षं जमलेलं नाही.

आण्णा

&nbsp;

खालचा मळा
२७ जानेवारी २०२५

क्रांती,

बोललो.

झेंडा झाला, पोरांची कवायत झाली. यंदा दोन वाक्यं होती आणि दोन्ही बिनचूक. सरपंच शाल घेऊन पुढं आले. मी म्हणालो, थांबा, आधी माझं ऐका, मग शाल कुणाला द्यायची ते ठरवा. मामा पुढच्या खुर्चीत काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. ऐकू कमी येतं म्हणून मी माइक हातात घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

काय बोललो ते तुला माहीत आहे. जसं लिहिलं तसंच बोललो, फक्त आपल्या बोलीत. "पत्र मला येळंवर मिळालं हुतं. मी त्याला मार्क दिलं. पोरीनं कायबी इसरलं नव्हतं. तिनं मला वाचवाय खोटं सांगितलं आन् मी ते तिच्या डोक्यावर तेवीस वर्सं ठिवलं. शालन गेली ती माझ्यामुळं."

बयाआक्कानं कपाळावर हात मारून घेतला. सरपंचांच्या हातातली शाल तशीच. तेवढ्यात पहिलीतलं एक बारकं पोर मोठ्यानं म्हणालं, "आता जिलेबी देनार का न्हाई?" एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. मॅडमनी पोरांना वर्गात नेलं आणि तिथं जिलेबी वाटली.

मामा उठले. दोघातिघांना वाटलं काठी घालतील, ते मध्ये आले. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. पण मामांनी काठी उचलली नाही. माझ्या अगदी जवळ येऊन विचारलं, "पोरीला म्हायीत हाय का, तू आज बोलणार हुतास?"

"व्हय. लिवलं हुतं."

"आली न्हाई?"

"न्हाई."

"तिनं यायचं कशापायी? आपुन जायाचं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आपुन म्हंजी मी. तुला ती बोलवील तवा."

त्यांचं बरोबर आहे. मी वाद घातला नाही.

आज सकाळपासून गावातली निम्मी माणसं माझ्याशी बोलत नाहीत. धोंडुबाईनं तेवढं शिवांजलीकडून कालवण पाठवलं. मॅडम म्हणाल्या, उद्या पावणेअकराला या, तिसरीचं प्रश्नचिन्ह अजून कच्चं आहे. मी विचारलं, पालक काही म्हणतील त्याचं काय? त्या म्हणाल्या, "मी सांगीन त्यांना." तेव्हा जाणार आहे. शाल मी घेतली नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आज लोक तुझ्याबद्दल बोलतायत. पाणंदीला, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे. "तेरा वर्साची पोर, आन् बापासाठी उभी ऱ्हायली." परवापर्यंत जी माणसं तुला विसराळू म्हणत होती, तीच आज म्हणतायत, शालनची लेक शोभते. मला लाज वाटते आहे आणि छाती पण भरून येते आहे. फौजेत मी शूर माणसं पाहिली, पदकं मिळालेली पाहिली, त्यांच्या शिफारशी मीच टाइप केल्या. तुझ्याइतकं धाडस त्यातल्या कुठल्याही कागदावर नव्हतं. हे मला तेव्हाच ठाऊक होतं. म्हणूनच मी खाली बघत होतो.

मामा काल इथंच राहिले, गेल्या तेवीस वर्षांत पहिल्यांदा. आत्ता ओट्यावर बसून "झालं का रं लिवून?" म्हणून तिसऱ्यांदा ओरडलेत. हे पत्र टपालात टाकत नाही, त्यांच्याच हाती देतो. वडूजहून कराड, कराडला सांगलीची गाडी, दुपारपर्यंत आष्ट्यात. सकाळी वडूजमध्ये दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले होते. पिशवीत हिरवी साडी आहे, तुझ्या लग्नात द्यायची राहिलेली. रंग मी निवडलेला नाही, त्यांनीच निवडला.

मी विचारलं, मामा, तिच्या दारात गेल्यावर काय बोलणार? ते म्हणाले, "बोलायचं काय त्यात? पाया पडणार."

एकोणऐंशी वर्षांचे आहेत, गुडघे वाकत नाहीत, तुला संकोच वाटेल. तरी अडवू नकोस, क्रांती. त्यांना वाकू दे आणि मग धरून उठव, एकट्यानं उठता येत नाही त्यांना. पण ते त्यांच्यापुरतंच धर. माझ्या वाटणीचं त्यांच्याकडून घेऊ नकोस. ते मी स्वतः येऊन करीन, तू बोलावशील त्या दिवशी.

आण्णा